डार्क मॅटर शोधायचंय? आधी म्युऑन मोजा

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ओपन डेटा पोर्टलवर तिथल्या सीएमएस प्रयोगाची २०१२ ची दोन म्युऑनवाली (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) रूट फाइल मिळते, म्हणजे कणभौतिकीतल्या नेहमीच्या स्वरूपातली: ८ टीईव्ही (८,००० जीईव्ही; ही ऊर्जेची एककं, वस्तुमानही यातच मोजतात) ऊर्जेच्या प्रोटॉनच्या टकरी, ६ कोटींहून जास्त इव्हेंट (नोंदलेल्या टकरी), आकार सुमारे २ जीबी. वाचायला पायथॉनची अपरूट ही लायब्ररी पुरते. अख्खी फाइल एकदम मेमरीत घेतली तर ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आडवा होतो, म्हणून तुकड्यातुकड्यांनी वाचा. मे महिन्यात काम रात्रीच लावा. नागपूरच्या दुपारी प्रोसेसर तापून मंदावतो.

नेमके दोन म्युऑन आणि विरुद्ध विद्युतभार, एवढेच इव्हेंट ठेवा. प्रत्येक म्युऑनचे तीन आकडे लागतात: पीटी (झोताला आडव्या दिशेतला संवेग), ईटा (झोताशी किती कललाय ते) आणि फाय (झोताभोवतीचा कोन). जोडी ज्या कणातून आली त्याच्या वस्तुमानासाठी दोन्ही पीटींच्या गुणाकाराची दुप्पट करा, तिला (ईटांच्या फरकाचा कॉश, म्हणजे हायपरबोलिक कोसाइन, वजा फायांच्या फरकाचा कॉस) याने गुणा, वर्गमूळ घ्या. यात म्युऑनचं स्वतःचं वस्तुमान धरलेलं नाही, त्यामुळे १ जीईव्हीच्या आसपास हे सूत्र चुकू लागतं. कोणत्या वस्तुमानाच्या किती जोड्या, याचा आलेख लॉग स्केलवर काढा.

३.१, ९.५ आणि ९१.२ जीईव्हीला आधीच माहीत असलेल्या कणांची शिखरं दिसलीच पाहिजेत: जे-साय, अप्सिलॉन, झेड. ती जागेवर नसतील तोवर नव्या कणाचं नाव काढू नका. मधला पसरट उंचवटा बहुधा ट्रिगरच्या (कोणती टक्कर नोंदायची ते तिथल्या तिथे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) किमान पीटीमुळे येतो.

अतिरिक्त मितींमधला ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाकर्षणाचा कल्पित कण) शोधायचा तो झेडच्या बराच उजवीकडे, शेकडो जीईव्हीपुढे. तिथे इव्हेंट तुरळक, शिवाय म्युऑनचा मार्ग चुंबकीय क्षेत्रातही जवळजवळ सरळ, म्हणून मोजमाप ढिलं. बिन (आलेखातले कप्पे) रुंद ठेवा. शंभर बिन पाहिले की एखादा उसळणारच. डिसेंबर २०१५ मध्ये फोटॉनच्या जोड्यांमध्ये ७५० जीईव्हीचा उंचवटा सर्नच्याच ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना दिसला होता, ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आल्यावर तो विरला.

डार्क मॅटर डिटेक्टरमध्ये उमटतच नाही. फक्त आडव्या दिशेतला संवेग जुळत नाही. झोताच्या दिशेचा हिशेब लागत नाही, कारण टकरीत प्रोटॉनचा किती वाटा उतरला ते कळत नाही. खरी डोकेदुखी झेडची: २०% वेळा तो डिटेक्टरला न दिसणाऱ्या न्यूट्रिनोंत फुटतो आणि हुबेहूब तसाच दिसतो. असे झेड किती, हा आकडा याच फाइलमधून काढता येतो. ८० ते १०० जीईव्हीच्या जोड्या घ्या, दोन्ही म्युऑनच्या पीटींची सदिश बेरीज करा, २०० जीईव्हीपुढच्या मोजा आणि सुमारे ६ ने गुणा, कारण म्युऑनच्या जोडीत तो ३.४% वेळाच फुटतो. २.४ ईटापलीकडचे आणि ट्रिगरमधून निसटलेले म्युऑन मात्र यात आलेले नाहीत. त्यांची भर घातली नाही तर पार्श्वभूमी (डार्क मॅटरसारख्या दिसणाऱ्या साध्या टकरींची संख्या) कमी भरते आणि नसलेलं डार्क मॅटर दिसू लागतं. ही दुरुस्ती पोर्टलवरच्या ड्रेल-यान (झेडमार्गे म्युऑनच्या जोड्या तयार होण्याची प्रक्रिया) सिम्युलेशनमधून काढा.