लॅपटॉपसाठी प्रवासात न्यायचा डॅक-ॲम्प घेताय? या चुका टाळा

"दहा हजारांत चांगला डॅक-ॲम्प सुचवा." माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत एवढंच असतं. हेडफोन कोणता, लॅपटॉप कोणता, ऐकणार कुठे, यातलं काहीच नसतं. मी हेडफोन विचारला की समोरचा वैतागतो, कारण त्याला आज रात्रीच ऑर्डर टाकायची असते.

डॅक लॅपटॉपमधल्या आकड्यांचा विद्युत सिग्नल करतो आणि ॲम्प त्या सिग्नलला हेडफोन चालवण्याइतका जोर देतो. प्रवासाच्या वस्तूंत दोन्ही एकाच डोंगलमध्ये किंवा छोट्या डबीत असतात. यातलं डॅकचं काम आता स्वस्त वस्तूही नीट करतात. निवड करायची ती ॲम्पची, आणि तो ठरतो हेडफोनवरून. म्हणून हेडफोन आधी.

फक्त ओहम बघणं

"३२ ओहमचाच आहे, कशावरही वाजेल." हे वाक्य मी आता ऐकूनही घेत नाही. ओहम, म्हणजे हेडफोन विजेला करतो तो विरोध, हा निम्मा भाग झाला. दुसरा निम्मा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, एक मिलीवॉट दिल्यावर हेडफोन किती डेसिबल आवाज देतो ते. खोक्यावर दोन्ही आकडे बहुधा छापलेले असतात. गणित दहावीच्या पुढचं नाही, तरी ते करायचा लोकांना कंटाळा येतो.

समजा, गाण्यातले क्षणभराचे सर्वांत मोठे आवाज ११० डेसिबलपर्यंत पोचायला हवेत. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोचा २५० ओहमचा प्रकार घ्या. त्याची सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल. त्याला सुमारे २५ मिलीवॉट लागतात, म्हणजे अडीच व्होल्ट आणि १० मिलीॲम्पिअर. आता ३२ ओहमचा, पण ८८ डेसिबलचा प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याने आवाज काढणारा, हेडफोन घ्या. त्याला जवळजवळ १६० मिलीवॉट हवेत. व्होल्ट सव्वादोन, म्हणजे साधारण तेवढेच, पण करंट ७० मिलीॲम्पिअर. सातपट! ज्याला सगळे 'सोपा' म्हणतात, तोच डोंगलला दमवतो. आवाज मोठा होतो, पण तबल्याच्या बायाँची घुमारी सपाट होते, आणि दोष मात्र हेडफोनला दिला जातो.

याउलट १६ ओहम, १०५ डेसिबलचा कानातला इअरफोन पाव व्होल्टच्या आतच भागतो. ॲपलचा साधा यूएसबी-सी डोंगल लॅपटॉपवर सुमारे १ व्होल्ट देतो, त्याला तो पुरून उरतो. असा इअरफोन असेल तर दहा हजार खर्चू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फार थोडे ऐकतात. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. युरोपात विकला जाणारा हाच डोंगल निम्माच व्होल्टेज देतो. जर्मनीहून येणाऱ्या भावाला आणायला सांगण्याआधी हे त्याच्या कानावर घाला.

संवेदनशील इअरफोनला जोरदार ॲम्प लावण्यातही तोटाच आहे. गाणं थांबलं की मागे 'हिस्स' ऐकू येतं आणि आवाजाच्या पहिल्या दोन पायऱ्यांतच कान दुखतात. गेनचा, म्हणजे ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारा, खटका असेल तर तो 'लो'वर ठेवा. ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा ओहममधला विरोध, तोही बघा. हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून तो कमी हवा. एकाहून जास्त ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, असलेल्या इअरफोनमध्ये हे पाळलं नाही, तर आवाजाचा पोतच बदलतो.

चिपचं नाव बघून घेणं

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि कंपन्यांना दुसऱ्या चिपकडे वळावं लागलं. डॅक-ॲम्प बनवणाऱ्या फिओ कंपनीने के५ प्रो हे मॉडेल ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घालून पुन्हा आणलं. चिप हा एक भाग आहे. तिच्याभोवतीचं सर्किट, वीजपुरवठा आणि ॲम्पचा टप्पा यांवर आवाज ठरतो. ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ हे आकडेही खरेदीचं कारण होऊ नयेत. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही, आणि तिथपर्यंतचे सगळे सूर सीडीतही मावतात.

पेनड्राइव्हसारखा ताठ डॅक थेट पोर्टात खुपसणं

घरी टेबलावर चालतं. प्रवासात नाही, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

मडगावला जाणाऱ्या जनशताब्दीत माझ्या शेजारी एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता. ट्रेवर लॅपटॉप, त्याच्या डाव्या बाजूला बाहेर आलेला ताठ डॅक, त्यात हेडफोनची वायर. मी त्याला म्हटलं, "बाळा, मध्ये एखादी छोटी केबल लाव." तो म्हणाला, "काका, केबलने क्वालिटी जाते." चिपळूणच्या आसपास खिडकीजवळच्या काकू उतरायला उठल्या, त्यांच्या पिशवीचा पट्टा वायरीत अडकला आणि डॅक आडवा वाकला. डॅकला काही झालं नाही, पण लॅपटॉपचं पोर्ट आतून सुटलं. चार्जिंगही त्याच पोर्टातून होतं, म्हणून रत्नागिरी यायच्या आत लॅपटॉप बंद. पोर्ट मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेलं असतं. पुढे त्याने कळवलं की दुरुस्तीवाल्याने पोर्ट न बदलता अख्खा बोर्डच बदलायला सांगितला. वडिलांना काय सांगायचं, याचीच त्याला जास्त काळजी होती. मला आजही त्या पोराचं वाईट वाटतं.

बोटभर लांबीच्या चांगल्या यूएसबी केबलने डिजिटल सिग्नलला काहीही होत नाही. आकडे जसेच्या तसे पोचतात. केबल खराब असेल तर आवाज तुटतो, 'पातळ' होत नाही. मी स्वतः वायरचं शेपूट असलेलाच डोंगल घेतो आणि प्रवासात शक्यतो चार्जिंगचं पोर्ट सोडून दुसऱ्यात लावतो. केबल डेटाची आहे ना, तेवढं बघून घ्या. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात, आणि मग लोक डॅक 'डेड' म्हणून परत पाठवतात.

घरघर आली की डॅक बदलणं

आधी चार्जर काढा. लॅपटॉप बॅटरीवर चालवून घरघर गेली, तर दोष विजेच्या बाजूचा. लॉजवर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावला की अर्थिंग तुटतं, लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात आणि तोच त्रास कधीकधी आवाजात उतरतो. चार्जर काढूनही घरघर राहिली तर मधला यूएसबी हब बाजूला करा, पोर्ट बदला. माउस हलवला की चिरचिर बदलते का, ते ऐका. बदलत असेल तर गोंगाट लॅपटॉपमधूनच येतोय.

आणि नुसता ॲम्प घेऊन तो लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला जोडू नका. जॅकमधला सगळा गोंगाट त्याने मोठा होऊन कानात येतो. पैसे वाचवायचा हा मार्ग मला अजिबात पटत नाही.

थोडक्यात आटपण्यासारख्या

दीडशे रुपयांचे काही यूएसबी-सी अडॅप्टर म्हणजे नुसती वायर, आत डॅकच नसतो. बहुतेक लॅपटॉपवर ते चालत नाहीत.

ॲम्पच्या ४.४ मिमी बॅलन्स्ड, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या, आउटपुटमधून ३.५ मिमीचा साधा हेडफोन चालवणारा अडॅप्टर कधीच लावू नका. दोन्ही बाजूंच्या निगेटिव्ह वायरी एकत्र होतात आणि ॲम्प जळू शकतो. उलटी जोडणी, म्हणजे बॅलन्स्ड हेडफोन साध्या आउटपुटला, चालते.

मीटिंगसाठी माइक हवा असेल तर डॅकमध्ये माइकची सोय आहे का, ते आधी वाचा. अनेकांत नसते.

विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर, म्हणजे असे डॅक चालवणारं सॉफ्टवेअर, २०१७ पासून, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, आतच आला. त्याहून जुनी विंडोज असलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायची परवानगी लागते. आयटीवाल्यांना खरेदीआधी विचारा.

कॉल आला की गाणं एकदम बारीक होतं? साउंड सेटिंगमधला 'कम्युनिकेशन्स' भाग उघडा. तिथे इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय सुरू असतो, तो बंद करा.

ट्रेनमध्ये ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे, हेडफोन नको. बाहेरचा खडखडाट झाकायला तुम्ही आवाज वाढवत जाल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास ही मर्यादा सांगते. कानात घट्ट बसणारे फोम टिप्स हा डॅकहून मोठा फरक करतात.

वस्तू हातात आली की त्याच दिवशी तपासा, परत करायची मुदत संपेपर्यंत थांबू नका. हेडफोन कानाला लावण्याआधी लॅपटॉपचा आवाज अगदी खाली आणा, कारण नवीन डॅक जोडल्यावर विंडोज कधीकधी १०० वरच सुरू करते. मग तानपुऱ्याने सुरू होणारा, ओळखीचा एखादा आलाप लावा. सुरांमधल्या शांततेत हिस्स आहे का, सगळ्यात बारीक आवाजातही डावी-उजवी बाजू सारखी आहे का, ते ऐका. तासभर वाजवून डबीला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल इतकी तापली तर परत पाठवा.