लिनक्स व्हर्च्युअलायझेशनसाठी संगणक घेताय? आधी फर्मवेअर ठरवा

एका यंत्रावर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, चालवायच्या ठरलं, की बहुतेक जण प्रोसेसरचे कोअर मोजायला बसतात. मीही तेच केलं होतं. मदरबोर्ड हाती आल्यावर कळलं, की त्यावर मुक्त फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारं, स्रोत खुला असलेलं मूळ सॉफ्टवेअर, कधीच बसणार नाही, कारण कंपनीनं कुलूप लावूनच तो बाहेर पाठवला होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी फर्मवेअर, मग ते चालणारा बोर्ड, मग प्रोसेसर आणि रॅम.

हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, कितीही भक्कम असला, तरी तो जागा होण्याआधी फर्मवेअरचं काम उरकलेलं असतं. मेमरी तेच सुरू करतं, आणि कुठलं उपकरण कुठल्या आयओएमएमयूखाली (उपकरणांना मेमरीत कुठवर पोचता येईल हे ठरवणारा भाग) आहे हे सांगणारे तक्तेही तेच कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हाती देतं. ते तक्ते चुकले आणि कंपनीनं अपडेट देणं थांबवलेलं असेल, तर बंद फर्मवेअरपुढे आपण काहीही करू शकत नाही.

पहिली पायरी: बोर्डाची यादी

कोअरबूट हा मुक्त फर्मवेअरचा मूळ प्रकल्प. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत तो लिनक्सबायोस या नावानं सुरू झाला, २००८ मध्ये नाव बदललं. लिब्रेबूट, हेड्स आणि दशारो हे त्यावरच उभे आहेत. त्यांच्या याद्यांत बोर्डाचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. ‘त्याच मालिकेतला आहे, चालेल’ हा अंदाज इथे महागात पडतो.

आता कुलपाचं. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलच्या यंत्रांत बूट गार्ड आला. कंपनीनं आपल्या किल्लीचा ठसा चिपसेटच्या फ्यूजमध्ये कायमचा कोरला असेल, तर तिची सही नसलेलं फर्मवेअर सुरूच होत नाही. ते फ्यूज परत बदलता येत नाहीत.

माझ्या मते निवडीला तीन वाटा आहेत. जुन्यांत आसूसचा केजीपीई-डी१६: एएमडीचे दोन ऑप्टेरॉन प्रोसेसर, रॅमचे १६ स्लॉट. २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीनंतर कोअरबूटच्या मुख्य शाखेतून तो वगळला गेला, त्यामुळे तो घेताना पुढची देखभाल कोण करतंय ते आधी शोधा. नव्यांत एमएसआयचा प्रो झेड६९०-ए, ज्याला दशारोचा आधार आहे. पण त्यात इंटेलचे बंद तुकडे राहतातच. तिसरी वाट रॅप्टरच्या टॅलोस २ ची, पॉवर९ प्रोसेसरची. फर्मवेअरच्या मोकळेपणात तो सर्वांत पुढे आहे, पण त्यावर एक्स८६ची, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांसाठीची, पाहुणी सिस्टिम लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरवायझरच्या वेगानं चालत नाही, तिचं अनुकरण करावं लागतं आणि ते फार मंद असतं. विंडोज चालवायचीच असेल, तर ही वाट सोडा.

‘मुक्त’ या शब्दानं हुरळून जाऊ नका. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन आणि एएमडीचा सिक्युरिटी प्रोसेसर हे स्वतःचं बंद फर्मवेअर चालवणारे वेगळे भाग नव्या यंत्रांत पुरते काढून टाकता येत नाहीत. काही पिढ्यांत मॅनेजमेंट इंजिन छाटता येतं, काहींत सुरुवातीलाच निष्क्रिय करता येतं. आपल्याला किती चालेल हे घेण्याआधी ठरवा.

दुसरी पायरी: प्रोसेसर

प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा आधार, म्हणजे इंटेलचा व्हीटी-एक्स किंवा एएमडीचा एएमडी-व्ही, असला, की केव्हीएम चालतो. पण ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायचं, तर आयओएमएमयू हवा. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं. इथे नावावर जाऊ नका. २०१२ च्या आय७-३७७० मध्ये व्हीटी-डी आहे, पण ओव्हरक्लॉकिंगसाठीच्या ३७७०के मध्ये नाही. कंपनीच्या तपशीलपत्रात त्या नेमक्या क्रमांकापुढे काय लिहिलंय तेच खरं मानायचं.

व्हीटी-डी असला तरी गटांचा प्रश्न उरतो. एका आयओएमएमयू गटातली उपकरणं वेगवेगळ्या मशीनना वाटता येत नाहीत. ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कचा कंट्रोलर एकाच गटात आले, तर कार्ड देता देता यजमान, म्हणजे मुख्य, सिस्टिमच्या डिस्कही हातच्या जातील. म्हणून तोच बोर्ड वापरणाऱ्या कुणाकडून तरी गटांची यादी मिळवा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावल्यानं कधी कधी गट बदलतो.

रॅमचा हिशेब छोटा आहे. उपकरण थेट दिलेल्या मशीनची सगळी रॅम अडकून पडते, ती इतरांत फिरवता येत नाही. तेवढी बाजूला काढून उरलेली मोजा. बोर्ड चुका आपोआप सुधारणारी ईसीसी रॅम घेत असेल तर तीच घ्या.

तिसरी पायरी: चिप लिहिणं

फर्मवेअर बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतं; प्रोग्रामर या उपकरणाची क्लिप तिच्यावर बसवून ते लिहायचं. इथे घाई नको. संगणक बंद, वीज काढलेली, लॅपटॉप असेल तर बॅटरीही बाहेर. चिपच्या एका कोपऱ्यावर बारीक ठिपका असतो. ती पहिली पिन. क्लिपची लाल तार तिथे येते का हे भिंगानं बघा. चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची हे तिच्या क्रमांकावरून तपासा. काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रामरपैकी अनेकांत माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, तो तसाच वापरू नका.

फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरनं जुनी प्रतिमा, म्हणजे चिपमधलं जुनं फर्मवेअर, किमान दोनदा वाचा आणि चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेले आकडे, जुळवा. माझे पहिले दोन जुळलेच नव्हते. क्लिप केसभर तिरकी बसली होती; काढून, दाबून पुन्हा लावली आणि मग तीन वाचनं तंतोतंत एक आली. ती प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. इंटेलच्या अनेक बोर्डांत नेटवर्क कार्डाचा पत्ताही याच चिपमध्ये असतो.

कोअरबूटनं हार्डवेअर सुरू केल्यावर पुढे सिस्टिम उठवायला काय चालवायचं तेही निवडावं लागतं. साध्या कामाला जुन्या बायोसच्या पद्धतीचा सीबायोस पुरतो, नव्या पद्धतीचं यूईएफआय हवं असेल तर ईडीके२. यंत्राला कुणी हात लावला का हे दर वेळी तपासायचं असेल, तर हेड्स.

नवं फर्मवेअर लिहून यंत्र उठलं, की कर्नेलच्या संदेशांत आयओएमएमयू जागा झाला का ते बघा. इंटेलवर त्यासाठी बूटच्या ओळीत वेगळा पर्याय घालावा लागू शकतो. मग गटांची यादी काढून आधी मिळवलेल्या यादीशी ताडा. सगळं जुळलं तरी लगेच कामाला लावू नका: एकदा जुनी प्रतिमा परत लिहून यंत्र उठतं का ते पाहा, पुन्हा नवी लिहा, आणि मगच पहिली व्हर्च्युअल मशीन उभी करा.