विमानतळाच्या भरवशावर कर्ज काढण्याआधी

कुडाळ, वेंगुर्ला, मालवण या पट्ट्यातल्या लॉजवाल्यांचे आणि टॅक्सीवाल्यांचे हिशेब मी लिहिते, जीएसटीची रिटर्नं भरते. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून मार्चअखेरीला एक प्रश्न ठरलेला असतो : "ताई, ह्या विमान चलतला मां?" विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुतेक वेळा बँकेचा अर्ज असतो. कुणाला एर्टिगा घ्यायची असते, कुणाला परुळ्याच्या घराला दोन खोल्या जोडायच्या असतात. विमान चालेल की नाही हे ज्योतिषालाच विचारा. पण कुठले कागद बघायचे ते मी सांगू शकते, आणि ते जळगाव, गोंदिया, अमरावती, सोलापूर, कुठल्याही लहान विमानतळाला लागू पडतं.

उद्घाटनाची तारीख बाजूला ठेवा, आधी मुदत कधी संपते ते शोधा. लहान गावातली बरीच विमानं केंद्राच्या 'उडान' योजनेवर उडतात. योजना जाहीर झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये, आणि तिचं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. यात काही जागांचं भाडं सरकार बांधून देतं (सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार होतं) आणि त्यापायी कंपनीला येणारी तूट भरून देतं. त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. बाकीचे पैसे ज्या निधीतून येतात, तो मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून आकार घेऊन उभा केलेला आहे. थोडक्यात, दिल्ली-मुंबईचा प्रवासी आपल्या गावच्या रिकाम्या खुर्चीचे पैसे भरतो. पण तीनच वर्षं. पुढे खुर्ची रिकामी राहिली तर ती कंपनीच्या अंगावर.

चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झालं. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका मंचावर आले, त्यांचे टोमणेच गाजले. अलायन्स एअरचं मुंबईचं विमान त्या दिवसापासून सुरू झालं आणि तीन वर्षं भरल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, बंद पडलं. ज्यांनी उद्घाटनाच्या सुमारास पाच वर्षांच्या हप्त्यांवर गाडी घेतली, त्यांच्या कर्जाची दोन वर्षं अनुदानाच्या पलीकडे गेली. हे त्याच दिवशी कॅलेंडर बघून कळण्यासारखं होतं.

चिपीलाच साडेसाती लागली असं समजू नका. 'कॅग'नं, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संस्थेनं, ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेला 'उडान'चा अहवाल काढून बघा. ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. दिलेल्या शंभरातले सात. बँकेतल्या साहेबाला हा आकडा तुम्हीच सांगा, तो आपणहून सांगणार नाही.

आता विमानतळाचं स्वतःचं पोट कशावर भरतं ते बघू. सत्तर जणांचं एटीआर विमान रोज एक फेरी येऊन-जाऊन करतं असं धरा. वर्षाला ५१,१०० खुर्च्या झाल्या. दोनतृतीयांश भरल्या तर ३४ हजार प्रवासी. एकेका प्रवाशामागे सगळं मिळून, म्हणजे शुल्क, चहाचं दुकान, पार्किंग, जाहिरातीचा फलक, ४०० रुपये पडले असं समजू. (आकडा माझ्या अंदाजाचा, तुम्ही तुमचा घाला.) झाले एक कोटी छत्तीस लाख. यात अग्निशमन दल हवं, पोलीस हवेत, मनोऱ्यातली माणसं हवीत, वीज हवी, धावपट्टीची डागडुजी हवी. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. दिवसाला एक विमान उतरो की दहा, तिच्यावरचा खर्च फारसा हलत नाही. त्यात मेख अशी की 'उडान'च्या विमानाला उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क माफ असतं. म्हणजे विमान येतं, पण त्याच्यामागे यायचं उत्पन्न येत नाही. सुरक्षा आणि अग्निशमनाचा भार राज्यानं उचलायचा, असं योजनेत आहे म्हणून निभावतं.

खरे आकडे हवे असतील तर मालक कोण ते आधी बघा. चिपी 'एमआयडीसी'नं आयआरबीच्या खासगी कंपनीला बांधून चालवायला दिला. शिर्डीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा, म्हणजे सरकारी. सरकारी संस्थेला दहा रुपयांत माहितीचा अधिकार वापरता येतो. खासगी कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचे दाखल केलेले कागद बघता येतात. ताळेबंद उघडला की आमचे लोक सरळ नफा-तोट्याच्या ओळीवर जातात. तिथे थांबू नका. घसारा (इमारती-यंत्रांची झीज म्हणून दरसाल धरलेली रक्कम) वजा करण्याआधीचा आकडा बघा. तोही उणा असेल तर रोजचा खर्चच निघत नाही. मग देण्यांच्या बाजूला 'मूळ कंपनीकडून कर्ज' दरवर्षी वाढतंय का ते बघा. वाढत असेल तर घर थोरल्या भावाच्या पगारावर चाललंय, आणि तो कधी हात आखडता घेईल ते त्याच्या मर्जीवर. शेवटी लेखापरीक्षकाचा अहवाल. 'धंदा पुढे चालू राहील' या गृहीतकाबद्दल त्यानं वेगळा परिच्छेद लिहिला असेल, तर तो दोनदा वाचा. ऑडिटर असलं हौसेनं लिहीत नाही.

प्रवाशांचे आकडे भारतीय विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला विमानतळवार देतं, फुकट. तिथे मे, डिसेंबर आणि गणपतीचा महिना सोडून जुलै बघा. आणि आमच्या कोकणातली खोच ध्यानात ठेवा : गणपतीच्या आदल्या आठवड्यात येणारं विमान खच्चून भरतं, पण परत जाताना खुर्च्या मोकळ्या. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की नेमकं उलट. चाकरमानी एकाच दिशेनं जातात. तिकीट मिळत नाही म्हणून विमान जोरात चाललंय असं गावात बोलतात, ते अर्धंच खरं असतं.

शेजारी कोण आहे तेही बघा. गोव्यातला मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, आमच्या बांद्याच्या उंबरठ्यावर. तिथे दिवसाला अनेक विमानं, त्यामुळे एक चुकलं तर दुसरं मिळतं. सावंतवाडीचा माणूस चिपीला कशाला वळेल? मुंबईच्या बाजूनं २०२३ च्या जूनपासून वंदे भारत कणकवलीला थांबते. कोल्हापूरचं उदाहरण याच्या उलट आहे. तिथे कारखानदारी आहे, अंबाबाई आहे, तिरुपतीला जाणारे भाविक आहेत. एक विमान कंपनी गेली तरी दुसरीला यावंसं वाटतं. आपल्या गावात पर्यटनाशिवाय बाराही महिने विमानानं फिरणारा माणूस कोण, याचं उत्तर नावानिशी देता यायला हवं.

रात्री उतरता येतं का, ढगाळ हवेत उतरवणारी यंत्रणा आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर पावसाळ्यात फेऱ्या रद्द होतात, आणि दोनदा फसलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा रेल्वेच धरतं.

सगळं काळंच आहे असं नाही. फ्लाय नाइन्टीवन या विमान कंपनीनं २०२४ मध्ये चिपीहून बंगळूर, हैदराबाद, पुणे अशी विमानं सोडली, आणि माझ्या मते मुंबईपेक्षा हेच मार्ग शहाणपणाचे, कारण तिकडे थेट जायला रेल्वेची सोय यथातथाच. केंद्रानं २०२५ च्या अर्थसंकल्पात 'उडान' नव्या रूपात पुढे न्यायचं जाहीर केलंय. सोलापूर-मुंबईसाठी तर राज्यानंच तूट भरायची ठरवली. नवी घोषणा ऐकलीत की तोच प्रश्न विचारा : पैसे कोण देणार, आणि कधीपर्यंत?

विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. कर्जाच्या कागदांवर सही करायची ती त्यानंतर, नव्या वेळापत्रकात आपलं विमान आहे याची खात्री करून. हप्ता ठरवताना विमानाचं गिऱ्हाईक शून्य धरा. कुडाळ स्टेशनवरच्या आणि मालवणच्या भाड्यांवर हप्ता निघत असेल तरच गाडी घ्या. खोल्या बांधायच्या तर एक आधी बांधा, दुसरीचा पाया घालून ठेवा. आणि विमानतळाच्या आवारात स्टँड किंवा गाळा घेणार असाल तर 'नियमित विमानसेवा बंद असेल त्या महिन्याचं भाडं घेतलं जाणार नाही' ही ओळ करारात घालून घ्या. समोरचा नाही म्हणाला तर अनामत कमी करून मागा. तेवढं बहुतेक मिळतं.