सीपॅप घरी आलंय: दोन खोल्यांच्या घरात मास्कची सवय कशी लावायची

सीपॅप म्हणजे झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्याची सवय रात्री नाही, दिवसा लावायची असते. दिवसभराचं दमून अकराला आडवं व्हायचं, अंधारात मास्कचे पट्टे चाचपायचे, नाकात हवा शिरली की जीव घाबरा होऊन सगळं ओढून काढायचं आणि चार दिवसांनी मशीन माळ्यावर टाकायचं, हे मुंबईत आमच्या काळाचौकीत मी ओळखीच्या घरांत पाहिलंय. त्या माणसांना मशीनची खरोखर गरज होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरी रात्री गाद्या जमिनीवर पडतात, त्यांच्यासाठी जास्तच, कारण मशीनसोबत येणारं पुस्तक पलंग आणि शेजारचं टेबल गृहीत धरून लिहिलेलं असतं.

मी पोस्टात काउंटरला बसते. दुपारी समोरच्याचं पासबुक हातात असताना डोळे मिटायचे, सकाळी डोकं जड, आणि रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं. साखर तपासली, ठीक निघाली. शेवटी सुनेने माझ्या घोरण्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवलं. त्यात घोरणं मध्येच थांबत होतं आणि मग धाप लागल्यासारखा श्वास येत होता. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत, कळलं की माझा श्वास तासाला तीसपेक्षा जास्त वेळा अडतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असा हिशेब असतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा त्रास वाढतो, पण बाई घोरते हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून तपासणीही होत नाही. बायांनो, हे अंगावर काढू नका.

चाळीत मशीन आलं की "ऑक्सिजन लावलाय का हो?" असं सगळे विचारतात. ऑक्सिजन नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मऊ भाग मागे येऊन श्वासाची वाट बंद होते. मशीन खोलीतलीच हवा फिल्टरमधून घेऊन थोड्या दाबाने आत सोडतं आणि ती वाट उघडी ठेवतं. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतात, आपण घरी त्याला हात लावायचा नाही. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय मांडला. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला भोक पाडून नळी बसवत. मास्कचा कंटाळा आला की मी हे आठवते. लघवीचंही कारण यातच असतं. श्वास अडला की छातीत ओढ बसते, हृदयावर ताण येतो आणि शरीर लघवी जास्त तयार करतं. मशीन नीट लागल्यावर माझं रात्रीचं उठणं खूप कमी झालं.

आता सवयीचं. संध्याकाळी टीव्हीसमोर बसताना मास्क हातात घ्या. पट्टे न लावता नुसता नाकावर धरा, तोंड मिटून श्वास घ्या. ते सोपं वाटलं की पट्टे लावा, नळी नको. मालिकेचा एक भाग तसाच बघा. मग नळी जोडून, मशीन चालू करून बसा. नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडून बोलायला गेलात तर हवा तोंडातून धो धो बाहेर येते. ती एकदा मुद्दाम अनुभवून घ्या, म्हणजे रात्री तसं झालं तर दचकायला होत नाही. बसून जमलं की आडवं होऊन, आणि मग रविवारी दुपारी जेवणानंतर तो लावूनच वामकुक्षी. एका पायरीवर दोन दिवस जावोत की चार, घाई नको. जीव घाबरला तर मास्क काढा, दोन घोट पाणी प्या आणि त्याच बैठकीत पुन्हा लावा. घाबरलेल्या क्षणाला उठून गेलात तर मनात तीच भीती राहते. डॉक्टरांनी "आज रात्रीपासून लावा" असं सांगितलं असेल तर रात्री लावाच, पण दिवसाचा सराव सोडू नका.

मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. त्यात दाब कमी सुरू होतो आणि हळूहळू ठरलेल्या आकड्याला पोचतो. श्वास सोडताना दाब जरा उतरवणारी सोयही बहुतेक मशीनमध्ये असते. या दोन्ही चालू आहेत का, हे मशीन देणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारा. "हवेविरुद्ध श्वास सोडावा लागतो" ही तक्रार बरीचशी इथेच मिटते.

निम्म्याहून जास्त त्रास मास्कचा असतो, मशीनचा नाही. मास्क तीन तऱ्हेचे: नाकपुड्यांना टेकणारा, नाकावर बसणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. दुकानात खुर्चीवर बसून मास्क ठरवू नका. आडवं व्हा, मशीन चालू करायला लावा, कुशीवर वळून बघा, कारण झोपलं की गालांचा आकार बदलतो. पट्टे आवळून हवा थांबवायची नाही. आधी मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून, त्याची चेहऱ्याला टेकणारी मऊ गादी हवेने फुगू द्यायची आणि मग टेकवायचा. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ दिसला तर पट्टे फार आवळलेत किंवा माप चुकलंय. डोळ्यांत हवा जात असेल तर वरची बाजू सुटतेय. दोन्ही सोसत बसू नका, माप बदलून मागा.

बायकांसाठी काही गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. नाकातली चमकी मास्कच्या काठाखाली आली तर टोचते आणि तिथून हवाही सुटते. झोपताना काढा. काढायची नसेल तर नाकपुड्यांचा सोडून नाकावरचा मास्क चमकीसकट बसवून बघा. डोक्यामागे पट्टा येतो तिथे अंबाडा नको, मानेवर सैल वेणी बरी. आणि रात्री डोक्याला खोबरेल तेल चोपडून, तोंडाला क्रीम लावून झोपायची सवय असेल तर ती सकाळवर ढकला. तेलाने मास्कची सिलिकॉनची गादी घसरते आणि लवकर खराब होते. झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवून कोरडा करायचा. पुरुषांच्या मिशीतूनही हवा सुटते. मिशी ठेवायची असेल तर नाकपुड्यांचा मास्क आधी बघा.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी मशीन फरशीवर ठेवू नये, ते खालची धूळ ओढतं. आमचं मशीन पाटावर असतं, उशाशी, भिंतीपासून वीतभर लांब. हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी असलेलं मशीन डोक्यापेक्षा उंच ठेवू नये, नाहीतर नळीत साचलेलं पाणी नाकाकडे येतं. फळीवर ठेवायचा मोह टाळा. नळी डोक्यावरून आली की कूस बदलताना गळ्यात येत नाही. आम्ही खिडकीच्या गजाला कापडी पट्टीने ती सैल अडकवतो. मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सोडलेला श्वास बाहेर जातो. ती भोकं पांघरुणाने झाकायची नाहीत. ती हवा शेजारी झोपलेल्याच्या तोंडावर जाते, तेव्हा नातवाची गादी कोणत्या बाजूला घालायची हे आधी ठरवा.

आता पहाटेचं पाणी. आमच्याकडे नळ पहाटे येतो. उठायचं, पिंप भरायचं, आणि मग तासभर पडायचं ते मास्कशिवाय, असं सहज होतं. पण स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, त्यात स्नायू सगळ्यात सैल असतात आणि श्वासही बहुतेकांचा तेव्हाच जास्त अडतो. म्हणून पाणी भरून आलात की पुन्हा मास्क लावा, अर्धा तास पडायचं असलं तरी. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की रॅम्प नव्याने सुरू होतो, त्यामुळे त्रास होत नाही. निदान चार तास वापर व्हावा असं सांगतात, पण तो किमान हिशेब आहे. झोप जितकी, तितका वेळ मास्क.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, ते रोज बदला आणि सकाळी टाकी रिकामी करून उघडी ठेवा. नळाच्या पाण्याने क्षार धरतात. गाडीच्या बॅटरीसाठी विकतात ते पाणी श्वासात घ्यायचं नसतं, ते नको. पावसाळ्यात मुंबईची हवाच इतकी दमट असते की ह्युमिडिफायर, म्हणजे टाकीतलं पाणी तापवून हवा ओलसर करणारा भाग, बराच कमी करून चालतो. एसी लावून झोपणाऱ्यांच्या नळीत मात्र थेंब साचून गुडगुड आवाज येतो. तेव्हा ओलावा एका पायरीने उतरवा किंवा नळीवर कापडी खोळ घाला. नाक चोंदत असेल तर ओलावा वाढवून बघा, आणि तरीही न सुटल्यास डॉक्टरांकडून नाकाचा स्प्रे घ्या. चोंदलेल्या नाकाने कुठलाच मास्क जमत नाही.

मास्कची गादी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. आठवड्यातून एकदा मास्क, नळी, टाकी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची. डेटॉल, ब्लीच, ओझोनची यंत्रं काही नको. नळी सावलीत, दोन्ही टोकं खाली करून वाळत घाला. जुलैत ती दोन दिवस वाळत नाही, अशा वेळी टाकी काढून नळी मशीनला जोडा आणि थोडा वेळ नुसती हवा सोडा. फिल्टर महिन्याला बदलायला सांगतात. आजूबाजूला चाळी पाडून टॉवर उठत असतील तर तो त्याआधीच काळा पडतो. काळा दिसला की बदला.

पोटात हवा भरून ढेकर येत असतील, तोंडाला कोरड पडत असेल, किंवा रात्री नकळत मास्क निघत असेल तर तारीख घालून वहीत लिहा. कोरड म्हणजे बहुधा तोंड उघडं राहतंय. त्यावर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंडाचा मास्क हा उपाय असतो. ढेकरांसाठी डॉक्टर दाब बदलून बघतात. मशीनवर किंवा मोबाइलवर तीन गोष्टी दिसतात: किती तास वापरलं, हवा किती सुटली आणि तासाला श्वास किती वेळा अडला. शेवटचा आकडा ५ च्या खाली हवा. आकडे चांगले आणि तरीही दिवसा पेंग येत असेल तर ते मुद्दाम सांगा, तोवर गाडी चालवू नका. दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात.

विकत घेण्याआधी महिनाभर मशीन भाड्याने घेऊन बघता येतं. मास्क मात्र स्वतःचा नवा घ्या. कुणाचं जुनं मशीन मिळत असेल तर मॉडेल तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोमचा चुरा होतो म्हणून लाखो मशीन परत मागवली होती.

गणपतीला गावी जाताना मशीन सोबत घ्याच. टाकीतलं पाणी आधी ओतून द्या, नाहीतर पिशवी आडवी झाली की ते मोटरमध्ये जातं. कोकणात भाद्रपदात वीज जाते. पॉवर बॅकअप घेताना तो तुमच्या मशीनला चालेल का ते विक्रेत्याकडून तपासून घ्या, आणि त्यावर चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवा, कारण सगळ्यात जास्त वीज पाणी तापवण्यातच जाते. वीज अचानक गेली तर नाक-तोंडाच्या मास्कमध्ये बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडता येतं. तरी मास्क काढून ठेवा, आणि वीज येईपर्यंत पाठीवर न झोपता कुशीवर झोपा.