पावसातली रवण: मागची पिल्ले आणि नवी पिल्ले एका खुराड्यात नकोत

मृगाचा पाऊस धरला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी तेच घडते. माडाखाली, गोठ्याच्या कडेला बसणाऱ्या कोंबड्यांना जागा उरत नाही. मग एप्रिलची पिल्ले, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या), अंड्यावरच्या कोंबड्या आणि नुकतीच पिल्ले काढलेली रवण (अंडी उबवणारी, पिल्ले सांभाळणारी कोंबडी), सगळ्यांना एकाच खुराड्यात कोंबले जाते. जुलैच्या मध्याला नवी पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून एका कोपऱ्यात गोळा होतात. शिटेत रक्त दिसते. आठवड्याभरात कोंबडी एकटी फिरू लागते आणि घरातले म्हणतात, पावसाची हवा लागली.

हवेने नव्हे, मागच्या पिल्लांच्या शिटेने ही नवी पिल्ले मेली.

ही रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. तिचा सर्वाधिक मार ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांना बसतो. मोठी पिल्ले त्यातून तरून गेलेली असतात. ती टुणटुणीत दिसतात, पण त्यांच्या शिटेतून रोगजंतूंची सूक्ष्म अंडी पडतच असतात. पडल्या पडल्या ती अंडी बाधत नाहीत. ओल आणि २५ ते ३० अंश ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. आपला जुलै नेमका तसाच असतो. मृगात बसवलेल्या कोंबडीची पिल्ले २१ दिवसांनी फुटतात आणि ऐन मुसळधार पावसात, ओल्या तुसावर, तीन आठवड्यांची होतात. थोडी लागण झाली तर पिल्लू उलट रोगाशी झुंजायला तयार होते. ही अंडी ढिगाने पोटात गेली की ते मरते. तो ढीग मोठी पिल्ले घालतात, म्हणून वेगळी ठेवायची ती त्यांनाच.

दुकानात यावर फिनेल आणि महागडी जंतुनाशके पुढे केली जातात. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. चुन्याने जमीन कोरडी राहते, तेवढाच त्याचा उपयोग. अंडी मरतात ती उकळत्या पाण्याने आणि कडक सुकण्याने. रवण बसवण्याआधी खुराडे रिकामे करा, जुने तूस बाहेर काढा, चिऱ्याच्या भेगांत उकळते पाणी ओता आणि उघडीप मिळेल तेव्हा सुकू द्या. खर्च फक्त सरपणाचा.

रवण आणि तिची पिल्ले आठ आठवडे वेगळी ठेवा. पडवीचा कोपरा, रिकामी सरपणाची खोप, जमिनीपासून वीतभर उचललेले जाळीचे खोके, काहीही चालेल. पावसाच्या बाजूला गोणपाट सोडा, पण चारही बाजू बंद करू नका. खुराडे एकच असेल तर मध्ये पक्की आडभिंत घाला आणि पिल्ले उंच बाजूला ठेवा, म्हणजे मोठ्यांकडचे पाणी त्यांच्याकडे वाहणार नाही. दांडीवर मोठी आणि खाली रवण, ही मांडणी कित्येक घरांत आहे. रात्रभर शीट पिल्लांवरच पडते. ती आजच मोडा.

दोन कोंबड्या खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) असतील तर दोघींना एकाच दिवशी बसवा. मागेपुढे बसवल्या की एकीची पिल्ले फुटतात, तेव्हा दुसरीही अंडी सोडून उठते. अंड्यांवर कोळशाची खूण करा. दुसऱ्या कोंबडीने नंतर घातलेले अंडे रोज काढून घ्या. परकी पिल्ले द्यायचीच तर ती एक-दोन दिवसांची असताना, रात्री, कोंबडीच्या पोटाखाली सरकवा. वनराजा किंवा ग्रामप्रिया या सुधारित जातींची महिन्याभराची पिल्ले आणली असतील तर ती रवणीत मुळीच सोडू नका. कोंबडी त्यांना टोचते आणि ती तिच्या पिल्लांना रोग देतात.

पावसात गावठी कोंबडीखाली ८-९ अंडीच ठेवावीत, असे माझे मत आहे. पुस्तकात १०-१२ लिहिलेली असतात. पण पंखाखाली मावत नाहीत ती पिल्ले भिजतात आणि आधी तीच जातात, हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

नेहमीची कामे:
- बसवण्याआधी कोंबडीला राखेत लोळू द्या, उवा पाहा.
- तूस मुठीत दाबा. गोळा झाला तर बदला.
- पाण्याचे भांडे विटेवर ठेवा.
- चारा-पाणी आधी लहानांचे, शेवटी मोठ्यांचे.
- ५ ते ७ व्या दिवशी राणीखेत (मानमोडी) रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा.
- कोंबड्यांच्या देवी रोगाची लस चुकवू नका. पावसात डास वाढतात आणि तेच हा रोग पसरवतात.

खाद्याचेही तेच. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुन्याचे (कॅल्शियमचे) प्रमाण साडेतीन-चार टक्के असते, पिल्लांना सुमारे एक टक्का पुरते. जास्तीने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. रवणीला पिल्लांचेच खाद्य चालते. मोठ्यांना तिसऱ्यांची (खाडीतल्या शिंपल्यांची) टरफले कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा.

रक्त दिसलेच तर वाट पाहू नका. अँप्रोलियम या रक्ती हगवणीवरच्या औषधाची २० टक्के भुकटी, लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, ५ दिवस. पुढची कमी मात्रा पशुवैद्याला विचारून द्या. त्या दिवसांत दुसरे पाणी मिळता कामा नये. पिल्ले पागोळीच्या डबक्यात पितात आणि औषध भांड्यात राहते, म्हणून त्यांना आतच ठेवा. अँप्रोलियमसोबत दुकानदार ‘ताकदीचे’ बी-कॉम्प्लेक्स हमखास गळ्यात मारतो. ते घेऊ नका. हे औषध जंतूला बी-१ मिळू न देऊन मारते. वरून तेच जीवनसत्त्व पाजले की औषधाचा जोर जातो. टॉनिक द्यायचेच तर औषध संपल्यावर.

श्रावणात जास्त सांभाळा. घरात मांस शिजत नाही, नर कापले जात नाहीत, चतुर्थीपर्यंत खुराड्यात दाटी होते. जागा कमी पडली की पहिला डोळा रवणीच्या कोपऱ्यावर जातो. त्यापेक्षा श्रावण लागण्याआधी नर विकून टाका.

मेलेले पिल्लू लगेच पुरू नका. पिशवीत घालून, बर्फावर ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. रक्ती हगवण की राणीखेत, हे आतडे पाहिल्यावर बरेचसे कळते. राणीखेतला औषध नाही, तेव्हा पैसे तरी वाचतील. मोठ्या कोंबड्याही अचानक पटापट मरू लागल्या तर मात्र हात लावू नका, कापू नका, कोणाला विकू नका. आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा.