आघातानंतर ज्युदो-कराटेचा क्लास लावताय? या चुका टाळा

क्लास शोधत होते तेव्हा भेटेल त्याला मी एकच विचारायचे: ज्युदो बरं की कराटे? विचारायला हवं होतं ते दुसरंच. तिथे ‘थांबा’ म्हटलं की समोरचा खरंच थांबतो का?

हल्ला, घरातली मारहाण, लहानपणीचा अत्याचार, मोठा अपघात, असं काही सोसून पहिल्यांदा मॅटवर उतरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी ज्युदो सुरू केलं सदतिसाव्या वर्षी. खालच्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

पाटी बघून क्लास निवडणं

‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ असा बोर्ड लावलेला क्लास आपल्याकडे सहसा दिसत नाही, आणि दिसला तरी नुसत्या बोर्डावर जाऊ नका. अर्थ साधा आहे: पुढे काय होणार ते आधी सांगायचं, हात लावण्याआधी विचारायचं, आणि ‘नाही’ म्हणायची मुभा खरोखरची ठेवायची. हे बोर्डाशिवायही जमतं.

एक तास कडेला बसून बघू द्या म्हणा. नकार आला तर विषय तिथेच संपला. बघताना सरांची लाथ किती उंच जाते ते सोडा. पवित्रा सुधारताना सर आधी सांगतात, की मागून येऊन थेट खांदा धरतात? उशिरा आलेल्याला सगळ्यांसमोर जोर काढायला लावतात? ‘आज मी हे करणार नाही’ म्हणणाऱ्याला बाकीचे हसतात? बऱ्याच ठिकाणी आरडाओरडा म्हणजेच शिस्त असं धरून चालतात. लहानपणी मार खाल्लेल्या माणसाला ते वातावरण ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं असतं म्हणून तो तिथे टिकतोही. मला ही सगळ्यात फसवी गोष्ट वाटते.

प्रकार निवडताना स्वतःला विचारा, त्रास कशाचा होतो, आवाजाचा की स्पर्शाचा? कराटेत अंतर राहतं, कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करायच्या त्या सरावात, तर समोर कुणीच नसतं. पण किआईची आरोळी बंद हॉलमध्ये छातीत घुमते. ज्युदोत आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूत अंगाला अंग लागतं, कुणाचं तरी वजन अंगावर येतं. ऐकिदोत मनगट धरलं जाणं पहिल्या काही तासांतच येतं.

सहन करत राहणं

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ज्युदोत नवशिक्याला फेकायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. टॅपही लवकरच शिकवतात: असह्य झालं की हाताने दोनदा थोपटायचं, हात अडकला असेल तर ‘माइत्ता’ म्हणायचं. जोडीदाराने त्याच क्षणी सोडायचं.

मला उकेमी आठवड्यात आली, टॅप तीन महिन्यांनी. टॅप म्हणजे हार, असं डोक्यात होतं. स्पर्धेत 20 सेकंद पाठीवर दाबून धरलं की इप्पॉन, कुस्ती संपली. सरावात मी त्याहून जास्त वेळ दात आवळून पडून राहायचे. बघणारे म्हणायचे, काय चिवट बाई आहे! मी तिथे नसायचेच. छताचा पंखा दिसायचा आणि सरांचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा यायचा.

सोसत राहिलं की भीती मरते, हा समज चुकीचा आहे. समुपदेशक भीतीला सामोरं जायला लावतात तेव्हा पायऱ्या मोजून लावतात. मॅटवरचा जोडीदार फक्त त्याची पकड पक्की करत असतो.

मला उपयोग झाला तो असा: दुखत नसतानाही टॅप करायचं. जोडीदाराला सांगितलं, वजन टाकू नकोस, नुसती पकड घे, मी पाचपर्यंत मोजून टॅप करेन. असं दहा वेळा. दहाही वेळा तिने सोडलं. वजन कित्येक आठवड्यांनी आलं.

सगळं सांगणं, किंवा काहीच न सांगणं

सरांना तुमची कहाणी कळायची गरज नाही. सूचना कळायला हवी. ‘सर, गळ्याजवळ हात आला की मी गोठते. तो डाव असेल त्या दिवशी आधी सांगा, मी बाजूला बसेन.’ एवढं पुरे. ‘का?’ असं खोदून विचारलं गेलं तर दुसरा क्लास बघा.

अडलंच तर

गोठलात तर डोळे मिटू नका. तळवे मॅटवर दाबा, श्वास सावकाश सोडा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. मग हवं तर परत या, पण एक पायरी खाली.

रडू आलं तर येऊ द्या, पाणी प्या. राग येऊन हात जड पडायला लागला तर जोडीदाराला सांगून थांबा, कारण त्यात तिला लागेल. क्लासच्या रात्री झोप उडत असेल तर सकाळची बॅच मागा. वाईट स्वप्नं, दचकणं आठवड्यानंतरही कमी होत नसेल तर क्लासला सुट्टी द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

‘तेव्हा हे येत असतं तर…’

पहिला डाव नीट जमला की त्याच रात्री हा विचार हमखास येतो. संकटात गोठणं ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे, ब्लॅक बेल्ट मिळवलेलेही गोठतात. झालेल्या गोष्टीचा दोष ज्याने केली त्याचा.

याचंच दुसरं टोक म्हणजे ‘आता कुणी हात लावून दाखवावा’. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींना लैंगिक अत्याचाराचा प्रतिकार शिकवणाऱ्या 12 तासांच्या कार्यक्रमाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण कार्यक्रम न केलेल्या गटात 9.8 टक्के होतं, केलेल्या गटात 5.2 टक्के. त्यात डाव होतेच, पण ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखणं आणि भीड न ठेवता नकार देणं यावर बराच वेळ दिला होता. ज्युदोच्या क्लासला तेच काम लावू नका. ते शिकायचं असेल तर स्वसंरक्षणाचा कोर्स वेगळा करा.

शेवटचं, पैशांचं. वर्षाची फी एकदम भरली तर सूट देतात. घेऊ नका, महिन्याचीच भरा. सोडावंसं वाटलं तर पैसे अडकलेत म्हणून जात राहायला लागू नये.