इटलीत नव्याने आलेल्यांसाठी: जेवताना मालिका, झोपताना गोष्ट

दर सप्टेंबरात मिलानो आणि तोरिनोच्या तंत्रविद्यापीठांत नवी मराठी मुले दाखल होतात आणि शिकवणे इंग्रजीतून असताना इटालियन शिकण्याची खरोखर गरज आहे का, असे विचारतात. गरज आहे; मात्र ती वर्गात जाणवत नाही, तर औषधाच्या दुकानात, घरमालकाशी बोलताना आणि सरकारी खिडकीसमोर जाणवते. पुढे पाच वर्षांनी दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना मागायचा झाल्यास युरोपीय भाषा-मापनातील ए-टू (प्राथमिक) पातळीचे, तर नागरिकत्वासाठी 2018 पासून बी-वन (मध्यम) पातळीचे इटालियन येणे आवश्यक ठरते. प्रौढ शिक्षणाच्या सरकारी केंद्रांत व्याकरण शिकवले जाते आणि तेथे नाव जरूर नोंदवावे. परंतु कान तयार होतो तो घरी, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे.

दूरचित्रवाणीवरून इटालियन शिकणारे आपण पहिलेच नव्हे. रेडिओ-दूरचित्रवाणीची सरकारी संस्था 'राई' हिने 1954 मध्ये नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा असंख्य इटालियन कुटुंबांत घरची भाषा प्रांताची बोली होती आणि प्रमाण इटालियन ही शाळेत भेटणारी भाषा होती. 1960 ते 1968 या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक मोठ्या कागदावर कोळशाने चित्रे काढत निरक्षर प्रौढांना पडद्यावरून लिहा-वाचायला शिकवत असत.

आता मालिका कोणती निवडावी, याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण नवखे लोक येथेच चुकतात. मी स्वतः 'कोमिस्सारिओ मोन्ताल्बानो' या सिसिलीतील पोलीस अधिकाऱ्याच्या मालिकेपासून सुरुवात केली. मालिका उत्तम आहे, पण तिची भाषा सिसिलियन वळणाची आहे. नायक स्वतःची ओळख 'मोन्ताल्बानो सोनो' अशी करून देतो, म्हणजे 'आहे' हे क्रियापद आपल्यासारखे शेवटी ठेवतो. मला ते इतके घरचे वाटले की एका कार्यालयात मी ऐटीत 'इंदियानो सोनो' म्हणालो आणि खिडकीमागच्या बाई मनापासून हसल्या. नापोलीच्या दोन मैत्रिणींची कथा सांगणारी 'लामीका जेनिआले' तर बव्हंशी नापोलीच्या बोलीत असल्याने इटालियन प्रेक्षकही ती उपशीर्षकांसह पाहतात. तेव्हा ती समजली नाही म्हणून खचू नये.

सुरुवातीला 'उन पोस्तो अल सोले' घ्यावी. नापोलीतील एका इमारतीच्या रहिवाशांची ही मालिका 1996 पासून चालू आहे आणि कामाच्या दिवशी जेवणाच्या सुमारास राईच्या तिसऱ्या वाहिनीवर लागते. भाग अर्ध्या तासाहून लहान असतो आणि भांडणे, भाडे, लग्ने, आजारपण हेच विषय फिरून येत असल्याने तेच शब्द रोज कानावर पडतात. कोण कोणाला 'तू' म्हणतो, कोण आदरार्थी 'लेई' वापरतो आणि कोणत्या क्षणी दोघे 'लेई'वरून 'तू'वर येतात, हे पुस्तकातून कळत नाही. 'आपण', 'तुम्ही' आणि 'तू' यांत वाढलेल्या मराठी माणसाला ते पडद्यावर चटकन दिसते.

उपशीर्षके इटालियनच ठेवावीत. इंग्रजी ठेवली की डोळे वाचत राहतात आणि कान निजतात. 'राईप्ले' या राईच्या इंटरनेट सेवेवर मोफत नोंदणी करून ती मिळतात. साध्या दूरचित्रवाणी संचावर टेलेव्हिदेओ या राईच्या पडद्यावरील मजकूर-सेवेचे 777 क्रमांकाचे पान उघडावे. अगदी पहिल्या महिन्यात परदेशी मालिकांची इटालियन आवृत्ती पाहण्यातही कमीपणा नाही, कारण येथील ध्वनिमुद्रणात उच्चार स्वच्छ आणि प्रमाण असतात.

ऐकताना आपल्या भाषेचा आधार घ्यावा. 'कला' आणि 'कल्ला' यांत आपण गोंधळत नाही, तसेच 'पेना' म्हणजे शिक्षा आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी. 'आन्नी' म्हणजे वर्षे; त्यातला न एकेरी झाला तर वय सांगता सांगता भलत्याच अवयवाचा उल्लेख होतो, एवढेच सांगून थांबतो. इंग्रजीच्या सवयीने 'टोरिनो' म्हणू नये. येथील त आणि द आपलेच दंत्य आहेत. 'पित्सा'मधला ध्वनी 'चाक'मधल्या च-चा आहे. पुरुष 'सोनो आंदातो' म्हणतो आणि स्त्री 'सोनो आंदाता', जसे 'मी गेलो' आणि 'मी गेले'. पोळीसारखी स्त्रीलिंगी वस्तू खाल्ली तर 'लो मांजाता', म्हणजे 'मी ती खाल्ली'. इंग्रजीतून विचार करणारा येथे अडखळतो, आपण अडखळण्याचे कारण नाही.

मालिकेत एक उणीव मात्र राहते. उत्तर इटलीत बोलताना ज्याचा वापर जवळजवळ होत नाही, तो 'पास्सातो रेमोतो' हा भूतकाळ गोष्टींत पावलोपावली भेटतो: 'दिस्से' म्हणजे म्हणाला, 'वेन्ने' म्हणजे आला. 'चेरा उना वोल्ता', म्हणजे 'एकेकाळी', असे म्हणून गोष्ट सुरू झाली की हा काळ येणारच. त्यासाठी जान्नी रोदारी यांच्या 1962 सालच्या 'फावोले अल तेलेफोनो'ने आरंभ करावा. गावोगाव फिरणारा औषधविक्रेता रोज रात्री मुलीला दूरध्वनीवरून गोष्ट सांगतो आणि फोनचे पैसे स्वतःच भरायचे असल्याने गोष्टी छोट्या ठेवतो. एक गोष्ट आधी वाचून मग तीन रात्री ऐकावी. वर्षभराने राईच्या रेडिओ 3 वरील 'आद आल्ता वोचे' या कार्यक्रमातील कादंबऱ्यांचे अभिवाचन ऐकता येईल. त्याआधी ऐकले तर झोप तेवढी चांगली लागते.

एखाद्या दिवशी भाग मुद्दाम चुकवावा आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या आजींना 'के ए सुच्चेस्सो इएरी?', म्हणजे 'काल काय झाले?', असे विचारावे. माझ्या शेजारच्या आजी पिशवी खाली ठेवून पंधरा मिनिटे सांगत असत, आणि मूळ भाग तेवढा रंगलेला नसे.